आधी वाट, मग ताट

माणसाला दोन प्रकारचे प्रतिस्पर्धी असतात. एक ऑफिसातला आणि दुसरा साडू. ऑफिसातल्याची निदान बदली तरी होते. साडूची होत नाही. आमचे साडूभाऊ म्हणजे सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्यानं मोठे, पगारानं त्याहून मोठे आणि बोलण्यात सगळ्यांत मोठे. गेल्या वर्षी ते फ्रान्सला जाऊन आले. कोणी कुठंही जावं, आमचं काही म्हणणं नाही. पण गेलेला माणूस परत आल्यावर आपल्याच घरी येतो, ही परदेशप्रवासाची खरी वाईट बाजू आहे.

पूर्वी प्रवासाहून आलेला माणूस काखेत अल्बम मारून यायचा. अल्बमची पानं तरी कधी ना कधी संपायची. मोबाइलमधले फोटो संपत नाहीत. साडूभाऊ बोट सरकवत होते आणि मी माना डोलवत होतो. एका फोटोत साडूभाऊ चालताहेत. दुसऱ्यात साडूभाऊ खाताहेत. तिसऱ्यात पुन्हा चालताहेत. चौथ्यात खाताहेत. पाचशे फोटो झाल्यावर मी अदबीनं विचारलं, "मधे बसला नाहीत का कुठं?"

"हीच तर गंमत आहे!" साडूभाऊ म्हणाले. "दिवसभर रानावनातून चालायचं आणि वाटेत गावोगावी तिथलंच काहीतरी चाखायचं. फूड वॉक!"

पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला लागून, ज्युरा नावाचे डोंगर आहेत. तिथं हे प्रकरण घडलं. हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि त्या गाईंच्या दुधाचं कॉम्ते नावाचं चीज. एक चाक चाळीस किलोचं. त्याला चारशे लिटर दूध लागतं. आजूबाजूचे शेतकरी आपलं दूध गावच्या सहकारी डेअरीत घालतात, तिथं चीज होतं आणि मग ते निदान चार महिने तळघरात पडून राहतं. पुढल्या गावात पिवळी वाइन. ती सहा वर्षांहून अधिक काळ पिंपात ठेवल्याशिवाय बाटलीत भरतच नाहीत म्हणे. आमच्या बँकेत एवढी वर्षं एका टेबलावर क्लार्कलासुद्धा राहू देत नाहीत.

"माणशी चाळीस युरो," साडूभाऊ म्हणाले, "पण पैशाचं चीज झालं."

हा विनोद त्यांनी केला नव्हता, त्यांच्याकडून झाला होता. मी हसलो नाही. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून आमची. तो देखावा दोन मिनिटं न्याहाळून त्यांनी सुस्कारा टाकला. "आपल्याकडे असलं काही नाही हो. आणि तुमच्या या हाटकेशला तर नाहीच नाही."

आता हाटकेश हे काही मी वसवलेलं गाव नाही. मी तिथं फक्त हप्ते भरतो. पण वीस वर्षांच्या कर्जानं जमिनीशी जे नातं जडतं ते सात पिढ्यांच्या सातबाऱ्यानंही जडत नाही. माझ्या अंगात एकदम स्वाभिमान संचारला.

"नाही कसं?" मी म्हटलं. "चालता चालता खायचं हे आम्हांला त्या फ्रेंचांनी शिकवायचं? कार्तिकात आवळीभोजनाला लोक डबे घेऊन गावाबाहेर आवळीखाली जाऊन बसत, ते काय होतं? देशावर शेताच्या बांधावर बसून हुरडा खातात, ते काय आहे? रायगडात थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून भर शेतात पोपटी लावतात, ती काय आयफेल टॉवरखाली लावतात? आणि वारी? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर लाखो माणसं पायी जातात आणि गावोगावचे लोक त्यांना पिठलंभाकरी वाढतात. चाळीस युरो न घेता!"

साडूभाऊंनी शांतपणे विचारलं, "यातलं हाटकेशला काय आहे?"

प्रतिपक्षाचे वकील बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. श्रीखंड जास्त झालं होतं हे एक कारण, पण तेवढंच नाही. वादात हरल्यावर माणूस वाचायला लागतो. मीही फ्रान्सबद्दल मिळेल ते वाचून काढलं. हेतू शुद्ध नव्हता. कुठंतरी त्या देशाची खोड सापडावी आणि पुढच्या सणाला साडूभाऊंच्या पानात वाढावी, एवढंच मनात होतं. पण झालं उलटंच. वाचता वाचता मलाच खोड लागली.

फ्रान्समध्ये पायी हिंडणाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना आहे. १९४७ सालापासूनची. तिच्या स्वयंसेवकांनी देशभर झाडांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर रंगाचे पट्टे ओढून वाटा आखून ठेवल्यात. वर पांढरा आणि खाली तांबडा पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट. नुसता पिवळा म्हणजे दिवसाभरात उरकण्याजोगी. अशा सगळ्या वाटांची लांबी सुमारे १,८०,००० किलोमीटर. आणि त्या लांब पल्ल्याच्या वाटेला तिथं म्हणतात काय, तर जी. आर.! आपल्याकडेही जी. आर. भरपूर आहेत. फरक इतकाच की त्यांच्या जी. आर.वरून चालता येतं, आपल्या जी. आर.वर चहाचा कप ठेवता येतो.

यापुढची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. १९८३ साली तिथं एक कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या पायवाटांचा आराखडा करायचा. त्या आराखड्यात गावकीची एखादी वाट एकदा शिरली, की पुढे ती जमीन विकली जावो नाहीतर शेतांचं एकत्रीकरण होवो, वाट तुटता कामा नये. मोडायचीच असेल तर तिच्या बदल्यात दुसरी चालण्याजोगी वाट द्यायची. म्हणजे पायवाटेलासुद्धा बदली कामगार! मी कायद्याचा विद्यार्थी नाही, वाणिज्य शाखेचा आहे. पण मुद्दल आणि व्याज यांतला फरक मला कळतो. साडूभाऊंनी ज्युरामध्ये खाल्लं ते चीज म्हणजे व्याज होतं. मुद्दल म्हणजे ती वाट, ते कुरण आणि ती गाय. फ्रेंच लोक व्याज खातात आणि मुद्दलाला हात लावत नाहीत. आपण मुद्दल मोडून व्याजाचा महोत्सव भरवतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही कायदे आहेत. आहेत ना! आपल्याकडे कायदा नाही अशी गोष्टच नाही. गावाच्या नकाशात पायवाट तुटक रेषेनं दाखवायची पद्धत आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १४३ वं कलम आहे. त्याखाली शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेतात जायचा रस्ता तहसीलदाराकडे मागता येतो. कायदा उत्तम आहे. पण ती वाट शेतात जाण्यासाठी आहे. शेतच राहिलं नाही तर शेतात जायची वाट मागणार कोण? आमच्या इमारतीचा वॉचमन?

असो. मी साडूभाऊंना निरोप धाडला, जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला चपला न घालता बूट घालून यावं. हाटकेश ते चेणे व्हाया घोडबंदर, पायी. वाटेत स्थानिक खाद्यपदार्थ. शुल्क शून्य युरो.

साडूभाऊ आले. फ्रान्सची टोपी, फ्रान्सचे बूट, हातात फ्रान्सची काठी. ती काठी मिटते आणि उघडते. आमच्या फाटकावरच्या कुत्र्यानं ती उघडताना पाहिली आणि हाटकेशच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत केलं. सोसायटीच्या आवारात नेहमीची मंडळी फेऱ्या मारत होती. आमच्याकडे मॉर्निंग वॉक म्हणजे इमारतीला बावीस प्रदक्षिणा. फाटकाबाहेर पाऊल टाकायची कोणाची हिंमत नाही आणि ती का नाही हे पहिल्या शंभर पावलांतच साडूभाऊंना कळलं.

पदपथ होता. तो नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्यावर आधी दोन रिक्षा झोपल्या होत्या. मग टायरवाल्यानं टायरांचा कुतुबमिनार रचला होता. पुढे गटारावरची एक लादी नव्हती आणि तिथं कोण्या परोपकारी माणसानं झाडाची फांदी खोचून ठेवली होती. "हे बघा," मी साडूभाऊंना म्हटलं, "आपल्याकडेही खुणा असतात. पांढरातांबडा पट्टा म्हणजे सरळ जा. हिरवी फांदी म्हणजे खड्डा आहे." उद्योगनगरातल्या शेड मागे पडल्या, हमरस्ता आला. तो ओलांडायला आम्हांला अकरा मिनिटं लागली. साडूभाऊंनी काठी मिटून पिशवीत घातली. ट्रकसमोर काठी हलवणं त्यांना अपमानास्पद वाटलं असावं.

घोडबंदरच्या किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण साडूभाऊंनीही तो थोडक्यातच पाहिला. पोर्तुगिजांचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी घेतला. अरबी घोड्यांचा व्यापार इथं चाले म्हणून घोडबंदर, असं सांगतात. वर उभं राहिलं की खाली वसईची खाडी दिसते, पलीकडे डोंगर दिसतात, पावसाची एक सर खाडीवरून चालत येताना दिसते. दहा मिनिटं आम्ही दोघंही गप्प होतो. साडूभाऊ गप्प, ही गोष्ट मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

"छान आहे," ते म्हणाले. मग भानावर येऊन, "पण टेस्टिंग कुठाय?"

टेस्टिंग वर्सोव्याच्या नाक्यापुढं चेण्याच्या रस्त्याला होतं. म्हणजे एक बाई होती. रस्त्याच्या कडेला, प्लास्टिकचा तुकडा डोक्यावर धरून, पुढ्यात ओली गोणी पसरून बसलेली. गोणीवर टाकळ्याचा कोवळा पाला, कुलूच्या जुड्या, पानांच्या खोल्यात शेवटची जांभळं आणि शेवळं. ही आपल्या ज्युराच्या डोंगरातली, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या रानाला लागून असलेल्या पाड्यावरची बाई. वयानं माझ्याएवढी असेल, पण उन्हापावसानं तिच्या खात्यावर दहा वर्षं जास्त नावे टाकलेली.

ज्यांना शेवळं माहीत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला जमिनीतून एक जांभळट तपकिरी कोंब वर येतो, मिटलेल्या छत्रीसारखा. तोच शेवळ. दोनतीन आठवडे मिळतो आणि मग वर्षभर नाही. मोठा खाजरा. त्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. वरचं आवरण सोलायचं, बुडाजवळचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि काकडं नावाच्या आंबट हिरव्या फळांच्या रसात ते शिजवायचं. एवढं केलं तर कायस्थांच्या आणि पाठारे प्रभूंच्या घरी माणसं त्यासाठी वर्षभर डोळे लावून बसतात. सोडे घातले तर विचारूच नका. आणि नाही केलं तर? तेही पुढे येणार आहे.

आणि ही कुलू. हिला फोडशीही म्हणतात. सफेद मुसळीच्या कुळातली. त्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव काय आहे ठाऊक आहे? क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिव्हिलियानम! आपलं बोरिवली! आमच्या मीरारोडपासून लोकलनं दोन स्टेशनं. झेवियर कॉलेजातले फादर सांतापाव नावाचे स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी हे नाव दिलं. परदेशी माणसानं आपल्या रेल्वे स्टेशनचं नाव जगाच्या शास्त्रात कोरून ठेवलं आणि आपण त्या स्टेशनात उतरून विचारतो, "भाजीत काय आहे? मेथी संपली का?"

साडूभाऊ पुढं वाकले. "कशी दिली जुडी?"

"चाळीस रुपये, दादा."

"चाळीस? या एवढ्याशा कोंबांचे? वीस घे."

मी साडूभाऊंकडे पाहिलं. चाळीस युरो मोजताना ज्या हाताला कंप सुटला नव्हता, तो हात वीस रुपयांसाठी थरथरत होता. "रानातच तर उगवतं," ते मला इंग्रजीत समजावू लागले, "यांना काय खर्च येतो?" बाईला इंग्रजी येत नसावं, पण हे वाक्य तिनं सगळ्या भाषांत ऐकलेलं होतं. ती म्हणाली, "दादा, पहाटं चारला उठून गेले. आधी हितंच मागं मिळायची. आता लांब जायला लागतं. हितं भिंत घातली, तिथं भिंत घातली. वाट ऱ्हायली नाय." शेवटी तीस रुपयांना सौदा झाला. बाईनं शेवळं बांधली आणि वर मूठभर काकडं घातली. "ही घ्या. याच्याबिगर शिजवू नका, घसा धरंल. पिवळं काढून टाका."

"ही नकोत," साडूभाऊ म्हणाले. "मागून पैसे सांगशील."

"पैसं नाय त्याचं."

तरीही साडूभाऊंनी काकडं परत गोणीवर ठेवली. फुकट दिलेल्या वस्तूत काहीतरी लबाडी असणारच, हा शहरी माणसाचा अनुभव आहे. बँकेत माझाही तोच आहे.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. साडूभाऊ हे निमित्त. त्यांच्या जागी तुम्ही असता, मी असतो, तरी तेच झालं असतं. किंबहुना झालेलं आहे. मी स्वतः त्याच रस्त्यावर करटोलीसाठी पाच रुपये सोडवून घेऊन घरी आल्यावर ते सौ.ला अभिमानानं सांगितलेले आहेत.

ज्युरात साडूभाऊंनी नुसतं चीज विकत घेतलं नाही. गाय कुठली, कुरण कुठलं, तळघरात किती महिने, हे सगळं त्यांनी तासभर उभं राहून ऐकलं आणि त्या ऐकण्याचेही पैसे मोजले. खुशीनं मोजले. इथं त्या बाईनं त्यांना तितकीच माहिती दोन वाक्यांत दिली. कुठं उगवतं, कधी मिळतं, कसं सोलायचं, कशात शिजवायचं. आपण त्या माहितीची किंमत शून्य लावली आणि मालाचीही दहानं पाडली. जाणकारी जेव्हा टोपी घालून, माइक लावून येते तेव्हा ती संस्कृती आणि ओल्या गोणीवर बसून येते तेव्हा ती भाजीवाली. हा कुठला हिशेब?

हल्ली आपल्याकडेही फूड वॉक निघालेत म्हणे. एसी बसमधून न्यायचं, एका फार्महाऊसवर उतरवायचं, कंदील टांगलेल्या झोपडीत पत्रावळीवर गावरान थाळी वाढायची आणि माणशी दीड हजार घ्यायचे. वॉक म्हणजे बसपासून झोपडीपर्यंत. झोपडीत वारली चित्रं भिंतीवर असतात आणि वारली माणसं भांडी घासायला मागच्या बाजूला. मी म्हणतो, याला फूड वॉक म्हणू नका. याला हॉटेल म्हणा. हॉटेलाला माझी हरकत नाही.

महोत्सवांनाही माझी हरकत नाही. पावसाळ्यात कृषी खातं जागोजागी रानभाज्यांचे महोत्सव भरवतं. चांगली गोष्ट आहे. नावाचं संरक्षणही आता आपल्याकडे आहे. फ्रान्सनं रोकफोर चीजचं नाव १९२५ साली कायद्यानं राखलं आणि कॉम्तेचं १९५८ साली. आपला कायदा १९९९ चा. पण उशिरा का होईना आपल्या घोलवडच्या चिकूला, वाड्याच्या कोलमला, बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं. टाळ्या वाजवू या. २०१० साली फ्रेंचांच्या जेवणाला युनेस्कोनं जगाच्या वारशात बसवलं, उद्या आपल्या पिठल्यालाही बसवो. पण शिक्का मिळाला म्हणून जांभूळ उगवत नाही. त्याला झाड लागतं, झाडाला जमीन लागते आणि त्या झाडापर्यंत जायला वाट लागते. आपण शिक्क्याच्या रांगेत उभे आहोत आणि मागं वाट बुजते आहे.

यावर एक आक्षेप येणार आणि तो खरा आहे. "अहो, तुम्ही स्वतः कुठं राहता? तुमची इमारत काय ढगात बांधलीय?" नाही. ती जमिनीवरच आहे आणि त्या जमिनीवर कधीकाळी भात पिकत होतं असं आमच्या भागातले जुने आगरी लोक सांगतात. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती ५,२०,३८८ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ झाली. या वाढीत मी, सौ., दोन मुलं आणि आमची आई असे पाच जण आहोत. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात मी पहिल्या रांगेत उभा आहे. माणसांना घरं लागतात आणि मुंबईत ती परवडत नाहीत, म्हणून आम्ही इथं आलो. येऊ नये असं मी कोणालाच म्हणणार नाही. सगळी शेतं परत आणा, इमारती पाडा, असंही म्हणत नाही. माझा हप्ता अजून अकरा वर्षं बाकी आहे.

माझं मागणं फार लहान आहे. इमारत बांधा, पण तिच्या कडेनं चार फुटांची जुनी वाट राहू द्या. रानाला भिंत घालायची तर घाला, पण पाड्यावरच्या बाईला पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटेनं आत जाता येईल एवढं दार ठेवा. खाडीकडे, किल्ल्याकडे, मिठागरांकडे जाणाऱ्या, उत्तनला बोंबलाच्या वलांडीपर्यंत नेणाऱ्या जेवढ्या म्हणून वाटा उरल्या असतील, त्या एकदा कागदावर नोंदवा. एक यादी. चार रंगाचे डबे आणि आमच्या सोसायटीतले बावीस प्रदक्षिणा घालणारे ज्येष्ठ नागरिक. पट्टे तेच रंगवतील. नाहीतरी सकाळी त्यांना दुसरं काम नसतं. हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत असं कोणी म्हणेल. उलट आहे. चालणं हा जगातला सगळ्यांत स्वस्त उद्योग आहे. ज्या गावात चालायलाही गाडी लागते ते गाव गरीब.

आणि दुसरं मागणं तुमच्याआमच्याकडे. घासाघीस करायची तर मॉलमध्ये करा. तिथं जमत नाही म्हणून रस्त्यावर वसूल करू नका.

हे सगळं मी परतीच्या वाटेवर साडूभाऊंना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं अंतर्मुख झाले. प्रत्यक्षात त्यांच्या फ्रान्सच्या बुटानं टाच सोलली होती.

रात्री पावणेदहाला फोन वाजला. पलीकडून कोणीतरी घोगऱ्या आवाजात "चाक... चाक..." असं म्हणत होतं. मी म्हटलं राँग नंबर असेल. मग मेव्हणीबाईंनी फोन घेतला. "अहो, यांना काय खाऊ घातलंत? जीभ सुजलीय, घशात सुया टोचताहेत. ताक, ताक म्हणताहेत. किती ताक द्यायचं?" मी विचारलं, "पिवळा भाग काढला होतात का?" त्या म्हणाल्या, "पिवळा कुठला? यांनी सांगितलं, पौष्टिक असतं, सगळं चिरून टाक." मी त्यांना ताक, चिंच, कोकम, घरात असेल नसेल ते आंबट सगळं सुचवलं. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं. निदान सौ.ला मी तसं सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला दारावरची घंटा वाजली. बाहेर साडूभाऊ. टोपी नाही, काठी नाही, पायात साध्या चपला. आवाज अजून थोडा बसलेलाच. "चला," म्हणाले. या खेपेला किल्ला नाही, फोटो नाहीत. थेट चेण्याचा रस्ता.

बाई तिथंच बसली होती. गोणीवर शेवळांच्या शेवटच्या तीनच जुड्या. तिनं साडूभाऊंकडे पाहिलं, त्यांनी तोंड उघडायच्या आतच ओळखलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "काकडं नाय नेली ना?"

साडूभाऊंनी मान हलवली. मग खाली उकिडवे बसले. मी त्यांना उकिडवं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पिवळा भाग नेमका कुठला, किती काकडं, पाणी किती, आधी उकळायचं की नंतर, हे सगळं त्यांनी एकेक करून विचारलं आणि मोबाइलमध्ये टिपून घेतलं. बाईनं एक शेवळ तिथंच सोलून दाखवलं. जुडीचे चाळीस रुपये सांगितले. साडूभाऊंनी चाळीस काढले. मग काकडं उचलून विचारलं, "याचे किती?"

"त्याचं नाय पैसं."

"नाही, घ्यायचे," साडूभाऊ म्हणाले आणि दहाची नोट गोणीच्या कोपऱ्यावर ठेवली.

आदल्या रविवारी कमी केलेले तेच दहा. चाळिशी उलटेपर्यंत दुसऱ्यांची खाती जुळवण्यात गेलेल्या माणसाला ते न कळून कसं चालेल? मी काही बोललो नाही. शेरा न मारता खातं बंद करावं, असा आमच्याकडे नियम आहे.

परत निघालो. नाक्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक चिंचोळी पायवाट रानाकडे वळलेली दिसली. पावसानं ओली, दोन्ही बाजूंना टाकळा माजलेला. तिच्या तोंडाशी पत्र्याचं नवंकोरं कुंपण घालायचं काम चालू होतं. चार खांब रोवून झाले होते, पाचव्याचा खड्डा खणला होता. साडूभाऊ थांबले. फ्रान्सहून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी आपणहून मला एक प्रश्न विचारला.

"त्या यादीचा अर्ज कुठं करायचा असतो हो?"

अर्ज मी लिहितो आहे. सोसायटीतल्या बावीस प्रदक्षिणावाल्यांपैकी सात जणांच्या सह्या झाल्यात. आठवी साडूभाऊंची आहे. ते हाटकेशचे रहिवासी नाहीत, पण मी हरकत घेतली नाही. तुम्हीही या भागात राहत असाल तर सही करायला अवश्य या. येताना मात्र पायी या. तेवढ्यासाठीच तर सगळं चाललंय.